गिळलेले औषध पोहोचते कोठे? तंजावरमधील सूक्ष्म कुप्यांचे संशोधन

तोंडावाटे औषध घेणे हा उपचाराचा सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी सुई लागत नाही, प्रशिक्षित परिचारिका लागत नाही आणि रुग्णाला घर सोडावे लागत नाही. मात्र घेतलेले औषध जेथे उपयोगी पडायचे तेथपर्यंत शाबूत पोहोचतेच असे नाही. जठरातील तीव्र आम्ल, आतड्यातील पित्त आणि अन्न पचविणारी विकरे यांना अन्नकण आणि औषध यांतील फरक कळत नाही. समोर आलेल्या पदार्थाचे विघटन करणे हेच त्यांचे काम असते.

औषधाच्या जागी जिवंत पेशी असतील, तर हा प्रश्न अधिक बिकट होतो. आतड्याच्या आरोग्यासाठी दिल्या जाणाऱ्या हितकर जिवाणूंचा, म्हणजे प्रोबायोटिकचा, उपयोग बहुतांशी ते जिवंत पोहोचण्यावर अवलंबून असतो. अशा जिवाणूंना किंवा नाजूक औषधांना डोळ्यांना जेमतेम दिसेल अथवा दिसणारही नाही अशा आवरणात बंद करून पोटात पाठविण्याच्या तंत्राला मायक्रोएन्कॅप्सुलेशन म्हणतात. या आवरणयुक्त कणांना मराठीत सूक्ष्म कुप्या म्हणता येईल. तमिळनाडूतील तंजावर येथील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता आणि व्यवस्थापन संस्था, म्हणजेच निफ्टेम, या विषयावर संशोधन करणाऱ्या भारतातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

भातापासून जिवाणूंपर्यंत

मराठी वाचकांना तंजावर परिचित आहे ते भोसले घराण्यामुळे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी येथे मराठी सत्ता स्थापन केली. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार केला आणि धन्वंतरी महाल नावाची वैद्यकीय संस्था चालविली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या वैद्यकपद्धतींचा अभ्यास तेथे एकत्र होत असे. औषध कशासोबत द्यावे याला आपल्या परंपरेत मोठे महत्त्व आहे. मध, तूप, दूध अशा अनुपानाचा विचार वैद्य औषधाइतकाच करीत. सूक्ष्म कुपीचे आधुनिक तंत्र वेगळ्या शास्त्रावर उभे आहे, पण औषधाइतकेच त्याच्या वाहकाकडे लक्ष देण्याची दृष्टी नवी नाही.

निफ्टेमचा उगम मात्र वैद्यकात नाही, तर भाताच्या शेतात आहे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश हे तमिळनाडूचे भाताचे कोठार. येथे कापणीच्या वेळी पाऊस आला की ओले भात सडू लागते. कापणीच्या वेळी भातात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असू शकतो आणि सुरक्षित साठवणुकीसाठी तो १४ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. याच प्रश्नावर काम करण्यासाठी १९६७ मध्ये तिरुवारूर येथील आधुनिक भात गिरणीत एक लहान प्रयोगशाळा सुरू झाली. १९७२ मध्ये तिचे भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाले. पुढे संस्थेचे कार्यक्षेत्र इतर पिके आणि सर्व प्रकारच्या अन्नप्रक्रियेपर्यंत विस्तारले आणि २००८ व २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि निफ्टेम हे आजचे नावही मिळाले.

भाताचा दाणा न बिघडविता त्यातील पाणी कसे काढावे, हा संस्थेपुढील पहिला प्रश्न होता. जिवाणू न मारता त्याच्यातील पाणी कसे काढावे, हा सूक्ष्म कुप्यांच्या संशोधनातील मध्यवर्ती प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांत एक नाते आहे.

पोटातील अडथळे

गिळलेला पदार्थ अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात पोहोचतो. उपाशीपोटी जठरातील आम्लाचा पीएच साधारणपणे १.५ ते ३.५ असतो. लिंबाच्या रसाइतके किंवा त्याहून तीव्र असे हे आम्ल आहे. अन्नासोबत आलेल्या रोगजंतूंना मारणे हे त्याचे एक काम आहे. हितकर जिवाणूही त्याच्या तडाख्यात सापडतात.

जेवणानंतर जठर रिकामे होण्यास दोन ते चार तास लागतात. त्यानंतर पदार्थ सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात येतो. येथे आम्ल जवळजवळ निष्प्रभ होते, पण पित्त सुरू होते. पित्तातील क्षार स्निग्ध पदार्थ फोडतात. जिवाणूचे बाह्यावरणही स्निग्ध घटकांचे असल्याने त्यालाही इजा पोहोचते. स्वादुपिंडातून येणारी विकरे प्रथिनांवर तुटून पडतात. हे सर्व ओलांडल्यावरच मोठे आतडे येते, जेथे माणसाच्या शरीरातील बहुतेक जिवाणूंची वस्ती असते.

प्रत्येक सूक्ष्मजीवाला संरक्षण लागतेच असे नाही. पोलिओच्या लसीचे थेंब हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. त्या थेंबांत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो जठरातील आम्ल सहन करू शकतो. म्हणून दोन थेंब जिभेवर टाकणे पुरेसे ठरले आणि २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्त घोषित करता आले. विषमज्वराच्या टीवाय२१ए या तोंडावाटे देण्याच्या लसीतील जिवंत जिवाणूंना मात्र अशी देणगी नाही. त्यामुळे ती लस जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून द्यावी लागे.

मोदक आणि बेसनाचा लाडू

सूक्ष्म कुपीचा आकार साधारणपणे १ ते १,००० मायक्रोमीटर असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो. लॅक्टोबॅसिलस प्रकारचा एक जिवाणू काही मायक्रोमीटर लांब असतो. म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या एका कुपीतही अनेक जिवाणू सामावू शकतात.

रचनेच्या दृष्टीने कुप्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार मोदकासारखा असतो. आत सारण आणि बाहेर सलग पारी. आवरण टिकून आहे तोपर्यंत आतील घटक सुरक्षित राहतो. दुसरा प्रकार बेदाणे घातलेल्या बेसनाच्या लाडवासारखा असतो. येथे वेगळे आवरण नसते. संरक्षक पदार्थातच औषधाचे किंवा जिवाणूंचे कण विखुरलेले असतात. तो करण्यास सोपा आणि स्वस्त असतो, पण पृष्ठभागाजवळचे कण उघडे पडण्याची शक्यता असते.

आवरण कशाचे असावे, हे ते कोठे उघडायचे आहे यावर ठरते. दुधातील निवळीची प्रथिने, मक्यातील झेइन हे प्रथिन, स्टार्चपासून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन आणि समुद्रशेवाळातील अल्जिनेट हे नेहमी वापरले जाणारे पदार्थ आहेत. हे सर्व खाद्य आहेत, ही त्यांची मोठी जमेची बाजू.

यांपैकी अल्जिनेटची कृती घरच्या बुंदीशी मिळतीजुळती आहे. झाऱ्यातून बेसनाचे थेंब तापलेल्या तुपात पडताच त्यांचा गोल दाणा बनतो. त्याचप्रमाणे जिवाणू मिसळलेले सोडियम अल्जिनेटचे द्रावण बारीक सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडले जाते. कॅल्शियममुळे अल्जिनेटच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात आणि थेंब क्षणात जेलीसारखा घट्ट होतो. येथे उष्णता लागत नाही, त्यामुळे जिवाणू मरत नाहीत. आम्लात अल्जिनेटचा कण आक्रसतो आणि आतील घटक धरून ठेवतो. आतड्यातील कमी आम्लतेत तो फुगतो, सैल होतो आणि आतील घटक बाहेर पडतो.

अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळते. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात सारगॅसम आणि टर्बिनेरिया ही शेवाळे गोळा केली जातात. रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील अनेक महिलांची उपजीविका शेवाळ गोळा करण्यावर अवलंबून आहे. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तमिळनाडूसाठी बहुउद्देशीय समुद्रशेवाळ उद्यानाची घोषणा करण्यात आली होती.

जिवंत राहून वाळणे

ओल्या कुप्या फार काळ टिकत नाहीत. दुकानात, दवाखान्यात आणि घराच्या कपाटात महिनोन्महिने राहण्यासाठी त्यांची कोरडी भुकटी करावी लागते. पाणी काढून घेतले की जिवाणू जणू निद्रावस्थेत जातो आणि पुन्हा ओलावा मिळाल्यावर सक्रिय होतो. पण पाण्याच्या आधारावर उभे असलेले त्याचे बाह्यावरण या प्रक्रियेत कोसळू शकते. म्हणून द्रावणात विशिष्ट शर्करा किंवा दुधाची प्रथिने मिसळतात. ती पाण्याची जागा घेऊन आवरणाला आधार देतात.

वाळविण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळी आहे. फवारा शुष्कन ही उद्योगातील सर्वांत रुळलेली पद्धत. दुधाची भुकटी याच पद्धतीने तयार होते. द्रावणाचा बारीक फवारा साधारण १५० अंश सेल्सियस किंवा त्याहून तापलेल्या हवेत सोडतात. थेंबातील पाणी बाष्प होताना उष्णता शोषून घेते, त्यामुळे माठातील पाण्याप्रमाणे थेंब स्वतः तुलनेने थंड राहतो. तरीही अखेरच्या टप्प्यात कोरड्या होत आलेल्या कणाला उष्णतेचा चटका बसतोच आणि जिवाणूंचा काही भाग मरतो.

गोठवून शुष्कन या पद्धतीत द्रावण आधी गोठवितात आणि निर्वात अवस्थेत त्यातील बर्फाचे थेट बाष्प करतात. ही पद्धत जिवाणूंच्या बाबतीत सौम्य आहे, पण तिला वेळ आणि वीज फार लागते. फवारा-गोठण शुष्कन ही या दोहोंना जोडणारी पद्धत. द्रावणाचा फवारा उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनच्या सान्निध्यात सोडतात. थेंब क्षणार्धात गोठतात आणि नंतर ते निर्वातात वाळवितात. त्यातून हलके, सच्छिद्र आणि गोलाकार कण मिळतात.

भारतात या पद्धतीवर म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत महत्त्वाचे काम झाले. डॉ. सी. आनंदरामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जिवाणूच्या फवारा-गोठण शुष्कनाचा आणि कृत्रिम जठररसात तो कितपत टिकतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आनंदरामकृष्णन २०१६ मध्ये तंजावरच्या संस्थेचे संचालक झाले आणि संशोधनाचा हा धागा तेथे पुढे गेला. नंतर ते तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले.

तंजावरमध्ये के. एस. योहा, जे. ए. मोझेस आणि आनंदरामकृष्णन यांनी २०२० मध्ये याच जातीच्या एनसीआयएम २०८३ या वाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुपी बनविण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करून भुकटीचे गुणधर्म, तिचा टिकाऊपणा आणि पचनमार्गासारख्या परिस्थितीत जिवाणूंचे जगणे त्यांनी तपासले. वाणाच्या नावातील एनसीआयएम ही अक्षरे पुण्याची आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असलेल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहाचे ते लघुरूप आहे.

याच वाणावर संस्थेने आणखी एक पर्याय अभ्यासला. त्यात द्रावणाचा पातळ थर प्लास्टिकच्या पारदर्शक पटलावर पसरतात आणि पटलाखालून गरम पाणी फिरवितात. थर काही मिनिटांत वाळतो. निर्वात यंत्रणा लागत नसल्याने खर्च कमी होण्याची शक्यता असते. लहान उद्योगांना परवडेल असे तंत्र शोधणे हा यामागचा हेतू आहे.

कृत्रिम जठर

कुपी खरोखर काम करते की नाही, हे कसे ठरवायचे? काचेच्या भांड्यात आम्ल घेऊन त्यात कुप्या ढवळणे हा सोपा मार्ग. पण खरे जठर म्हणजे स्थिर भांडे नव्हे. ते आकुंचन पावते, अन्न घुसळते, रस हळूहळू सोडते आणि अन्न थोडेथोडे करून पुढे ढकलते. प्रत्येक चाचणी माणसावर करणे खर्चिक असते आणि नेहमीच उचितही नसते.

यासाठी तंजावरच्या संस्थेने त्रिमितीय छपाईच्या साहाय्याने पचनसंस्थेची हलती प्रतिकृती तयार केली. तिला ‘आर्क’ असे नाव देण्यात आले. शिजविलेला भात या प्रतिकृतीत कसा फुटतो आणि जठर कोणत्या गतीने रिकामे होते, याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भाताच्या संशोधनासाठी जन्मलेल्या संस्थेने आपल्या कृत्रिम जठराला भात भरविला, हे साहजिकच होते. अशा प्रतिकृतीत सूक्ष्म कुपी केव्हा आणि कोठे फुटते हेही पाहता येते.

कल्पनेचा उगम

जिवंत पेशी आवरणात बंद करून उपचार करण्याची कल्पना कॅनडातील मॉन्ट्रियल येथून आली. मॅकगिल विद्यापीठात विद्यार्थी असताना १९५७ मध्ये थॉमस चँग यांनी पहिल्या कृत्रिम पेशी तयार केल्या. अर्धपार्य आवरणाच्या सूक्ष्म कुप्यांवरील त्यांचा निबंध १९६४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्धपार्य आवरणातून लहान रेणू ये-जा करू शकतात, पण आतील पेशी बाहेर पडू शकत नाहीत.

याचा एक लक्षवेधी प्रयोग सत्य प्रकाश आणि चँग यांनी १९९६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडला. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील युरिया वाढतो. युरियाचा वापर करू शकतील असे जनुकीय बदल केलेले जिवाणू त्यांनी कुप्यांत बंद केले आणि ते मूत्रपिंडे निकामी असलेल्या उंदरांना तोंडावाटे दिले. युरिया आतड्यात उतरून कुपीत शिरला आणि उंदरांच्या रक्तातील त्याचे प्रमाण आटोक्यात राहिले. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी रुग्णालय गाठावे लागणाऱ्या रुग्णांना या कल्पनेचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र ती डायलिसिसची जागा घेणाऱ्या उपचारात अद्याप उतरलेली नाही.

माणसांवरील यश अधिक साध्या उद्दिष्टात मिळाले. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक वाण आतड्यातील पित्तक्षारांचे विघटन करतो. नवे पित्त बनविण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते. सूक्ष्म कुप्यांतील हा जिवाणू घातलेले योगर्ट कोलेस्टेरॉल वाढलेल्या व्यक्तींना सहा आठवडे देण्यात आले. ११४ जणांच्या या चाचणीत घातक मानल्या जाणाऱ्या एलडीएल कोलेस्टेरॉलमध्ये, नुसते योगर्ट घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९ टक्के घट आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

औषधांसाठीही तोच मार्ग

आवरणाचा उपयोग जिवंत पेशींपुरता मर्यादित नाही. आम्लपित्तावरील ओमेप्राझोल हे औषध स्वतःच आम्लात नष्ट होते. म्हणून त्याच्या कॅप्सूलमधील बारीक मण्यांवर जठरात न विरघळणारा थर असतो. कॅप्सूल उघडून मणी चावून खाऊ नयेत, असे डॉक्टर बजावतात ते यासाठीच.

हळदीतील कर्क्युमिनची अडचण वेगळी आहे. ते पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. तंजावरच्या संशोधकांनी कर्क्युमिन आणि द्राक्षातील रेस्व्हेराट्रॉल हे दोन घटक गाभा आणि कवच अशी रचना असलेल्या अतिसूक्ष्म कणांत एकत्र आणले. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी विद्युत फवाऱ्याची पद्धत वापरण्यात आली. सुईला उच्च दाबाची वीज जोडली की द्रव अतिशय बारीक थेंबांत फुटतो आणि तापविण्याची गरज उरत नाही. याआधी २०२० मध्ये गाजरातील बीटा कॅरोटीनच्या बाबतीत कणाच्या आकाराचा शोषणावर होणारा परिणाम त्यांनी अभ्यासला होता. प्रयोगशाळेतील चाचण्यांत लहान कणांतील घटक अधिक चांगला शोषला गेला.

क्षयरोगाच्या क्षेत्रात चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेचे काम उल्लेखनीय आहे. जी. के. खुल्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये क्षयरोगाची तीन औषधे जैवविघटनशील अतिसूक्ष्म कणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिली. औषधे कित्येक दिवस रक्तात टिकून राहिली. दर दहा दिवसांनी एक अशा पाच मात्रांनंतर उंदरांच्या अवयवांत क्षयजंतू आढळले नाहीत. क्षयरोगाचा उपचार अर्धवट सुटणे हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे एक मोठे कारण आहे. रोजची गोळी दहा दिवसांवर गेली तर त्याचा लाभ उघड आहे. मात्र हे यश उंदरांतील होते. भारतातील क्षयरुग्णांना आजही रोजच औषध घ्यावे लागते.

एका नवजात बालकाचा प्रश्न

जिवंत जिवाणू पोहोचविण्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी, याचे एक ठोस उत्तर ओडिशातून मिळाले. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांची चाचणी घेतली. ही बालके जन्मतः निरोगी होती आणि त्यांचे वजन किमान २ किलो होते. निम्म्या बालकांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक वाण आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा तोंडावाटे देण्यात आली. उरलेल्यांना तशीच दिसणारी पण जिवाणूविरहित भुकटी देण्यात आली.

२०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, दोन महिन्यांच्या काळात जंतुसंसर्गाने रक्तदोष होणे किंवा मृत्यू येणे याचे प्रमाण जिवाणू न मिळालेल्या गटात ९ टक्के होते, तर जिवाणू मिळालेल्या गटात ते ५.४ टक्के होते. म्हणजे धोका ४० टक्क्यांनी घटला. जेथे नवजात बालकांसाठी अतिदक्षता विभाग कोसोदूर आहे, तेथे एका स्वस्त भुकटीचे मोल काय असू शकते, हे या आकड्यांतून दिसते.

या चाचणीत सूक्ष्म कुप्यांची परीक्षा नव्हती. तसेच जिवाणूची जात तंजावरमध्ये अभ्यासलेलीच असली तरी वाण वेगळा होता आणि एका वाणाचा गुण दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. अशी भुकटी खेड्यातील उन्हाळ्यात, शीतकपाटाशिवाय, बालकाच्या ओठापर्यंत जिवंत पोहोचली तरच तिचा उपयोग आहे. कुपीचे आणि शुष्कनाचे तंत्र तेथे निर्णायक ठरू शकते.

वेष्टनावरील आकडा

ग्राहकाने काय पाहावे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये प्रोबायोटिक अन्नपदार्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार जिवाणूची प्रजाती, जात आणि वाण यांची ओळख पटविणे, आम्ल आणि पित्त सहन करण्याची क्षमता तपासणे, तसेच मुदत संपेपर्यंत किती जिवाणू जिवंत असतील हे वेष्टनावर सांगणे अपेक्षित आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत दिवसाच्या शिफारस केलेल्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे म्हटले आहे.

१० कोटी हा आकडा मोठा वाटतो. पण वाटेत दर हजारांपैकी एकच जिवाणू वाचला, तर आतड्यात १ लाखच पोहोचतात. त्यामुळे कारखान्यात किती भरले यापेक्षा वापराच्या दिवशी किती जिवंत आहेत आणि पोटात किती टिकतात, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. वेष्टनावरील आकडा पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर देतो. तिसऱ्याचे उत्तर केवळ चाचणीतून मिळते.

घरचे दही पौष्टिक असले तरी त्यातील सर्व जिवाणू या व्याख्येत बसतात असे नाही. विरजणातील नेहमीचे जिवाणू दुधात उत्तम वाढतात, परंतु जठरातील आम्लात फारसे टिकत नाहीत. दही खाण्याचे इतर लाभ त्यामुळे कमी होत नाहीत.

सावधगिरीही आवश्यक आहे. जिवंत जिवाणू सर्वांसाठी निर्धोक नसतात. अकाली जन्मलेल्या बालकांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये गंभीर इशारा दिला. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नयेत. कुपी जितकी परिणामकारक, तितके अधिक जिवाणू जिवंत पोहोचणार. म्हणून चांगल्या कुपीसोबत जिवाणूची निवडही तितकीच काटेकोर असावी लागते.

पुढील वाट

प्रयोगशाळेतील काही ग्रॅम भुकटीपासून कारखान्यातील काही टनांपर्यंतचा टप्पा सोपा नाही. द्रवरूप नायट्रोजन महाग आहे, विद्युत फवाऱ्याने मिळणारे उत्पादन कमी असते आणि स्वस्त फवारा शुष्कनात जिवाणू अधिक मरतात. किंमत, टिकाऊपणा आणि जिवंत जिवाणूंची संख्या यांचा मेळ घालणे हे या क्षेत्रापुढील मुख्य आव्हान आहे. त्यानंतर माणसांवरील चाचण्यांचा टप्पा येतो आणि त्यांना पर्याय नाही.

कावेरीकाठच्या शेतकऱ्याचे ओले भात वाचविण्यासाठी सुरू झालेल्या संस्थेत आज हे काम चालू आहे. पीक पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते न नासता घरी पोहोचविणे, हा धडा तेथील संशोधकांनी प्रथम भाताकडून घेतला. औषध आणि जिवाणू यांनाही तोच धडा लागू होतो. शोध कितीही मोठा असला तरी तो पोहोचला पाहिजे आणि पोहोचेपर्यंत जिवंत राहिला पाहिजे.